शाई आधी, मत नंतर

"बोट सरळ धर. वाकवू नको, आन् हसू नको. हसलं का हात हालतो," बद्रीनाथ म्हणाला.

सालेमनं हसू आवरलं आणि डावा हात पुढं केला. रविवारची सकाळ होती. पडेगावातल्या त्या घराच्या ओट्यावर ऊन चढत चढत दारापर्यंत आलं होतं. बद्रीनाथनं बाटलीत काडी बुडवली, काठाला निथळून घेतली आणि सालेमच्या तर्जनीवर नखाच्या शेंड्यापासून पेरापर्यंत एक रेघ ओढली. रेघ इतकी सरळ आली, की पट्टी लावून ओढली असती तर वाकडी आली असती. काडीला उरलेली शाई त्यानं सवयीनं दाराच्या चौकटीला पुसली.

"झालं मतदान. आता जरा उनात धर. आत्ता जांभळी दिसती, उनानं काळी व्हती. उनानंच पक्की व्हती ही."

"कधी जाती, मामू?"

"कातड्यावरची जाती थोड्या दिसात. नखावरची नाय जात. नख वाढतं तशी पुढं पुढं सरकती, चारेक महिन्यात कापून टाकायची. तवर ब्रह्मदेव आला तरी निघत नाय."

हे सांगताना त्याच्या आवाजात अभिमान होता. बद्रीनाथ शहरातल्या एका कॉलेजात शिपाई होता आणि तीस वर्षं निवडणुकीच्या ड्यूटीवर जात होता. नियमाप्रमाणं शाई लावायचं काम मतदान अधिकाऱ्याचं. पण अधिकारी म्हणून आलेले गुरुजी हात काळे होतील म्हणून काडी शिपायाच्या हातात देत आणि स्वतः चहाची वाट बघत. त्यामुळं तीन तालुक्यांतली बोटं बद्रीनाथच्या हाताखालून गेली होती. लोकशाहीत आपला वाटा नखाएवढा आहे हे त्याला मान्य होतं. तेवढा वाटा दुसऱ्या कुणाला नीट जमत नाही, हेही त्याला ठाऊक होतं. लोकसभेच्या वेळी तळाला उरलेली थोडी शाई तो डोळ्यांच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीतून घरी घेऊन आला होता. कशासाठी, ते त्याला सांगता आलं नसतं. हलवायाच्या घरी जशी थोडी साखर येते, तशी ती आली होती.

"अवं, तुमचं सरकारी काम झालं आसंल तं दोघं बी जेवायला या," आतून वच्छलाबाई म्हणाली. "बेसन थंड व्हऊ राह्यलं."

सालेम तिच्या मागच्या खोलीत सात वर्षांपासून भाड्यानं राहत होता. शिकायला आला तेव्हा ओठावर नीट मिसरूड नव्हतं. त्याच्या देशाचं नाव वच्छलाबाईला कधी धड घेता आलं नाही, म्हणून घरात त्या देशाला 'तिकडं' म्हणत. तिकडं खजूर चांगला, तिकडं डोंगरात बर्फ पडतं, आणि तिकडं एकच साहेब आहेत, एवढी माहिती घरात सगळ्यांना होती. साहेब सालेमच्या जन्माआधीपासून खुर्चीवर होते. ते दर सात वर्षांनी निवडणूक घ्यायचे. चिठ्ठीवर एकच नाव आणि त्याखाली दोन चौकटी असायच्या: हो आणि नाही. मागच्या वेळी शंभरातल्या अठ्ठ्याण्णव माणसांनी 'हो' म्हटलं होतं.

"आन् बाकीचे दोन?" बद्रीनाथनं एकदा विचारलं होतं.

"त्यांना अजून हुडकू राह्यलेत," सालेम म्हणाला होता.

यंदा साहेबांनी परदेशातल्या पोरांचीही सोय केली होती. या शहरात तिकडची बरीच पोरं शिकायला होती. त्यांच्यासाठी क्रांती चौकाच्या मागं एक मंगल कार्यालय घेतलं होतं आणि पेटी मुंबईहून मोटारीतून आली होती. सालेमला जायचं नव्हतं. त्याच्या थोरल्या भावाला मागच्या निवडणुकीच्या आधी दुकानातून बोलावून नेलं होतं, एक सही पाहिजे म्हणून. सही फार मोठी असावी. भाऊ अजून परत आला नव्हता. त्या साहेबाच्या फोटोपुढं उभं राहून सालेम 'हो' म्हणणार नव्हता, आणि 'नाही' म्हणून घरी आईबाप आणि धाकटा भाऊ हानी यांना गोत्यात आणणार नव्हता. पण वडिलांचा निरोप आला होता. गल्लीवर नेमलेला माणूस घरोघर विचारत होता, तुमच्या पोरानं मत टाकलं का?

त्यावर तोड बद्रीनाथनंच काढली होती.

"आमचं गाव शेंद्र्याच्या पल्याड," त्यानं समजावलं होतं. "मतदानाच्या दिशी दोन्ही पार्ट्यांची मानसं पारावर बसतेत. बोट कोरं दिसलं का धरून नेतेत, गाडीत घालतेत, पाया बी पडतेत आन् दम बी देतेत. बोट काळं झालं का मग कुनी इचारत नाय. मत कुठं गेलं ते देवाला म्हाईत. बाहेरच्याला बोट दिसतं. बोट काळं का मानूस सुटला."

सालेमला ते पटलं होतं. तो स्वतः कधी मत द्यायच्या वयात तिकडं नव्हता, पण टीव्हीवर त्यानं तिकडच्या लोकांना काळी बोटं वर करून नाचताना पाहिलं होतं. नाचायला सांगत असत, तो भाग वेगळा.

त्यानं उन्हात बोट धरून फोटो काढला आणि वडिलांना पाठवला. मग ज्वारीच्या तीन भाकरी खाल्ल्या. गेल्या आठवड्यात तो एकच खात होता.

दुपारी शेजारी राहणारा कारभारी जेवायला आपल्या घरी आला आणि जाता जाता बद्रीनाथच्या ओट्यावर टेकला. त्याचा मंडप डेकोरेशनचा धंदा होता. लग्न असो, वाढदिवस असो, की तेरावं; पडदे तेच, रंग बदलायचा.

"बद्रीभाऊ, तुमच्या किरायेदाराच्या लोकाईचं आज भारी चाललंय बरं का. पडदे आपले, खुर्च्या आपल्या."

"म्हंजी त्या कार्यालयात तू हायेस व्हय?"

"सकाळपून. तेंच्या साहेबाचा हा येवढा फोटो. मी आपला रिवाजानं झेंडूचा हार घातला, खाली दोन उदबत्त्या लावल्या. तं एक कोटवाला आला. म्हनतो, भाई, ये जिंदा हैं. मी म्हनलं, साब, हमारे में जादा मोहब्बत रही तो ऐसाच करते."

बद्रीनाथ हसला. "मंग?"

"मंग काय, हार काढला. पन कुनी हसलं नाय, बद्रीभाऊ. तीच गंमत. पाचपन्नास पोरं उभी, आन् समदी आपल्या बुटाकडं बघू राह्यली. मयताला बी येवढं गुमान कुनी ऱ्हात नाय. मी चहा सांगितला तं चहा बी आवाज न करता प्याले."

"शाई कोन लावू राह्यलं तिथं? नीट लावतेत का?"

"शाई? कशाची शाई?"

"आरं बोटाला."

"शाई-बिई काय नाय. पासपोर्ट दाखवायचा, तेच्यावर शिक्का, चिठ्ठी घ्यायची, पेटीत टाकायची. बोटं समद्यांची कोरी."

"तू नीट बघितलं का?"

"आता सकाळपून तिथं उभा हाय मी. मला काय दुसरं काम हाय बघायचं?"

बिनशाईचं मतदान बद्रीनाथच्या डोक्यात शिरेना. मुंडावळ्यांशिवाय नवरदेव असावा तसं ते त्याला वाटलं. क्षणभर त्याला त्या देशाच्या ढिसाळ कारभाराचा रागही आला. ही काय पद्धत झाली? कुणी दोनदा मत टाकलं तर?

मग त्याला सालेमनं पाठवलेला बोटाचा फोटो आठवला. कारभारी पुढं काहीतरी बोलत होता. बद्रीनाथनं कप खाली ठेवला आणि तो उठून मागच्या खोलीकडं गेला.

"सालेम, पाठवलेला फोटो वापस घेता येतो का?"

सालेमनं त्याच्याकडं पाहिलं. बद्रीनाथनं कारभाऱ्याचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, हारासकट. हाराच्या गोष्टीलाही सालेम हसला नाही. त्यानं फोन काढला. वडिलांचा आवाजी निरोप तासाभरापूर्वीच आला होता. त्यानं तो ऐकवला आणि मग हळूहळू मराठीत सांगितला. गल्लीचा माणूस लई खूष झाला. म्हणाला, शाबास. फोटो त्यानं आपल्या फोनमध्ये घेतला आणि वर पाठवला.

"वर म्हंजी?" वच्छलाबाई दारात येऊन उभी होती.

"वर म्हंजी वर, मावशी."

ती स्वयंपाकघरात गेली आणि लिंबू घेऊन आली. लिंबानं झालं नाही. मग खाण्याचा चुना आणला, मग रॉकेल, मग संडासात टाकायचं ॲसिड पाण्यात पातळ करून. बद्रीनाथ सालेमचा हात मांडीवर घेऊन घासत बसला. तीस वर्षांत त्यानं शाई काढायचा प्रयत्न करणारे सगळे पाहिले होते. पपईचा चीक लावून आलेले, आधी मेण चोळून आलेले, एकानं तर कानशीनं नख तासलं होतं. त्या प्रत्येकाला त्यानं दारातूनच परत लावलं होतं, वर दोन शब्द सुनावूनही. आज त्याच्या हाताखाली बोटाची कातडी लाल झाली, सोलवटली, आणि त्या लालीत रेघ जास्तच उठून दिसू लागली. सकाळी जांभळी होती. आता काळी झाली होती.

"ऱ्हाऊ द्या, मामू. आग व्हऊ राह्यली," सालेम म्हणाला. "सहापर्यंत हाय म्हनं ते. मी जाऊन येतो."

"कुठं?"

"शिक्का मारून घेतो. शिक्का आसला का मंग बोटाचं काय बी सांगता येतं. खेळ केला, मजाक केली."

"आन् त्या फोटोपुढं 'हो' म्हनशील?" वच्छलाबाईनं विचारलं.

सालेम चप्पल शोधत होता. ती समोरच होती. "हानी तिकडं हाय, मावशी."

वच्छलाबाईनं जुन्या धोतराची पट्टी फाडली, हळद भरली आणि बोट बांधलं. "कोनी इचारलं तं इळीनं कापलं म्हन. मावशीच्या इळीनं."

बद्रीनाथनं स्कूटर काढली. सालेम मागं बसला आणि छावणी ओलांडून ते शहरात आले.

कार्यालयात कारभाऱ्याचे गुलाबी पडदे लावलेले होते. मत द्यायच्या टेबलापुढंही एक पडदा होता, पण तो दोरीनं बाजूला बांधून ठेवला होता. फोटोतले साहेब सगळ्यांकडं सारखंच बघत होते. दाराशी फारिस उभा होता. तिकडच्या पोरांच्या संघटनेचा तो प्रमुख. तो बरीच वर्षं इथं पीएचडी करत होता. ती संपत नव्हती, कारण सुरू झालेली नव्हती. पोरं आजारी पडली तर फारिस फळं घेऊन जायचा, आणि कोण कोण भेटायला आलं होतं ते बघून यायचा.

"सालेम," तो उर्दूतच म्हणाला, बहुधा बद्रीनाथला कळावं म्हणून. "सुबह से तेरी राह देख रहा हूँ. उंगली को क्या हुआ?"

"कट गई."

"दिखा."

त्यानं सालेमचा हात हातात घेतला आणि पट्टी सोडायला सुरुवात केली. दवाखान्यातली नर्स सोडते तशी, हळू, एकेक वेढा, दुखू नये म्हणून. हळदीचा चुरा खाली पडला. उभी असलेली पोरं आपापल्या बुटांकडं बघू लागली. कारभाऱ्यानं खरंच सांगितलं होतं.

फारिसनं दुसऱ्या हातानं खिशातून फोन काढला आणि पुढं धरला. त्यात तेच बोट होतं. मागं पडेगावचं ऊन आणि कोपऱ्यात वच्छलाबाईच्या दाराची चौकट.

"ये दोपहर में आया. वहाँ से. पूछ रहे हैं, तुम्हारे हॉल में स्याही कब से लगने लगी?"

सालेमनं बद्रीनाथकडं पाहिलं नाही. न बघण्यासाठी त्यानं मान किती ताठ धरली आहे ते बद्रीनाथला मागून दिसत होतं. बद्रीनाथ पुढं झाला.

"साब, मैंने लगाई. मेरी गलती है. मैं इलेक्शन ड्यूटीवाला आदमी, मेरे को लगा सब जगह लगती होगी. बच्चे का कुछ कसूर नहीं."

फारिसनं बोट उजेडाकडं वळवून बघितलं. "अच्छा हाथ है आपका. लकीर सीधी है." मग त्यानं विचारलं, "लेकिन चाचा, आपके यहाँ स्याही पहले लगती है और वोट बाद में?"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणी बद्रीनाथला त्याच्या कामातला कायदा विचारला होता.

"हां साब," तो म्हणाला. "कायदाच है. हमारे में स्याही पहले, वोट बाद में."

ते खरं होतं. फारिसनं त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग तो पहिल्यांदा हसला.

"तो फिर वोट बाकी है," तो म्हणाला आणि त्यानं सालेमच्या हातात चिठ्ठी दिली.

सालेम टेबलाशी गेला. बांधलेल्या पडद्याशेजारी उभा राहून त्यानं खूण केली आणि चिठ्ठी न दुमडता सगळ्यांना दिसेल अशी पेटीत टाकली. पासपोर्टवर शिक्का बसला. फारिसनं त्याचं काळं बोट उघड्या पासपोर्टवर ठेवायला लावलं आणि फोटो काढला.

"यादगार," तो म्हणाला. जाताना त्यानं बद्रीनाथशी हात मिळवला. हात उबदार होता.

परतताना छावणीच्या पुढं सालेम मागून म्हणाला, "मामू, थोरला आसता तं आज त्यानं मला थोबाडीत मारली आसती."

"तुला कामून? मला मारली आसती."

"नाय. तुम्हाला नाय. तुम्हाला त्यानं जेवू घातलं आसतं."

त्यानंतर काही झालं नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. साहेब निवडून आल्याची बातमी आली. या खेपेला शंभरातले नव्याण्णव. बद्रीनाथला वाटू लागलं, सुटलो. वच्छलाबाईला तसं वाटत नव्हतं. "कुत्रं भुकत आसंल तवर बरं आसतं," ती म्हणायची.

मग एका सकाळी वडिलांचा निरोप आला. आवाज त्यांचाच होता, पण कुणीतरी समोर कागद धरल्यासारखे ते थांबत थांबत बोलत होते. हानीला बोलावून नेलंय. किरकोळ चौकशी आहे. तू येऊन गेलास की सोडतील.

"जाऊ नको," वच्छलाबाई म्हणाली. "हे बग, आमच्या गावाकडं वावर हाय, वावरात ऱ्हायला आखाडा हाय. तिथं ऱ्हा. कोनी इचारलं तं म्हनू, भाचा हाय."

"माझ्या तोंडाकडं बघून कोनी म्हनंल का भाचा?"

"म्हनतेत. मी म्हनलं का म्हनतेत."

बद्रीनाथनं कॉलेजातल्या एका प्राध्यापकांना विचारलं. राज्यशास्त्राच्या. ते म्हणाले, परदेशस्थ नागरिकांचा मताधिकार हा फार गुंतागुंतीचा विषय आहे, आणि त्यांनी एका परिसंवादाची पत्रिका त्याच्या हातात दिली.

सालेम गेला. स्टेशनवर त्यानं एकच पिशवी घेतली होती. बाकी सामान, पुस्तकं, हिवाळ्यातला कोट खोलीतच ठेवला होता. तो गाडीत चढला तेव्हा खिडकीच्या गजाला धरलेल्या बोटावर बद्रीनाथला रेघ दिसली. कातडीवरची गेली होती. नखावरची थोडी पुढं सरकली होती, मुळाशी नवं नख कोरं दिसत होतं.

मुंबईहून त्याचा आवाजी निरोप आला. "मावशी, जेवलीस का? इथं विमानतळावर वडापावला सोन्याचा भाव हाय. हानीला घेऊन फोन करतो." वच्छलाबाईला वाचता येत नव्हतं आणि सालेमला देवनागरी येत नव्हती, म्हणून सात वर्षं दोघांचा सगळा व्यवहार असा तोंडीच होता.

त्यानंतर बरेच दिवस काही आलं नाही. मग आला तो लिहिलेला निरोप, इंग्रजीत. बद्रीनाथनं तो कॉलेजच्या ग्रंथालयात वाचून घेतला. मी आनंदात आहे. इथं नोकरी लागली आहे. खोलीतलं सामान कुणाला तरी देऊन टाकावं. आपल्या कुटुंबास नमस्कार.

त्यानं घरी येऊन तो सांगितला. वच्छलाबाई भाजी निवडत होती.

"हे त्यानं नाय लिवलं," ती म्हणाली.

"कशावरून?"

"जेवलीस का, आसं नाय इचारलं."

बद्रीनाथनं त्या नंबरवर फोन लावून बघितला. नंबर बंद होता. फारिसला शोधायला तो त्याच्या खोलीवर गेला. त्याची पीएचडी एकदाची संपली होती म्हणे, आणि तो तिकडं मोठ्या पदावर गेला होता. सामान कुणाला दिलं नाही. कोट वच्छलाबाईनं उन्हात घालून परत ट्रंकेत ठेवला.

दिवाळीच्या आधी विधानसभेची निवडणूक आली. बद्रीनाथची ड्यूटी लागली. गुरुजींनी रिवाजाप्रमाणं शाईची बाटली त्याच्यापुढं सरकवली. "बद्रीनाथ, तुझ्यासारखी रेघ कुणाला येत नाही बाबा."

"तुमचं काम हाय ते, गुरुजी," बद्रीनाथ म्हणाला.

गुरुजींना वाटलं चहा पाहिजे असेल. त्यांनी चहा सांगितला. बाहेर रांग लागली होती, कुणीतरी ओरडलं, आणि बद्रीनाथनं काडी उचलली. दिवसभर तो बसून होता. रेघा सगळ्या सरळ आल्या. एवढंच झालं, की तीस वर्षं तो फक्त बोटं बघत आला होता. त्या दिवशी प्रत्येक रेघ ओढायच्या आधी तो माणसाच्या तोंडाकडं बघत होता. त्यामुळं रांग फार रेंगाळली आणि गुरुजी वैतागले.

दुसऱ्या दिवशी तो उठला तेव्हा वच्छलाबाई दाराला रंग देत होती. दिवाळीचा हिरवा तेलरंग. वरून खाली येत येत ती चौकटीच्या मध्यावर थांबली होती. काडी पुसलेली ती जागा. जूनमध्ये तिथं फिकट जांभळा फराटा होता, लक्षातही न येणारा. चार महिने सकाळचं ऊन रोज त्याच्यावर पडत होतं. आता तो कोळशासारखा काळा झाला होता.

"अवं," ती वळून न बघता म्हणाली, "त्याच्या बोटावरची गेली आसंल का आता?"

"चार महिने झाले की. जाती."

"कापून टाकली आसंल."

"व्हय. नख वाढतं तशी पुढं सरकती," बद्रीनाथ म्हणाला. "नख वाढत आसंल तं..."

वच्छलाबाईनं ब्रश डब्यात बुडवला, काठाला निथळून घेतला आणि उरलेली चौकट रंगवायला घेतली. फराट्याभोवतीची बोटभर जागा तिनं तशीच सोडली. ओट्यावरून ऊन चढत चढत दारापर्यंत आलं होतं.